हजेरी

बटण दाबलं की पंखे लगेच फिरतात,
त्यांचं काही म्हणणं नसतं.
पडदा मात्र काळाच,
आणि बोर्डाच्या कोपऱ्यात अर्ध्या मुगाएवढा
हिरवा दिवा पेटून राहतो.
मी मोबाइलवर सेकंद मोजते. अठ्ठ्याऐंशी.
काल एक्क्याण्णव होते.

घणसोली, सेक्टर नऊ, तळमजला.
फ्लेक्स, लग्नपत्रिका, बारशाचे बॅनर.
हे मशीन मी स्वतः जोडलंय,
कॅबिनेट भंगारातून, बोर्ड वाशीहून, बिलाशिवाय.
प्रोसेसर बसवताना श्वास धरला होता
सुईत दोरा ओवताना धरतात तसा.
म्हणून दुरुस्तीला देववत नाही.
वाशीचा दुकानदार म्हणाला, ताई,
काही बोर्डांचं बायोस असतंच जरा सावकाश,
काही मुलं नाही का उशिरा बोलत?
त्याला नवा बोर्ड विकायचाय.

डिलीट दाबत राहिलं की ती निळी खोली उघडते,
जिथे विंडोज अजून आलेलं नसतं,
कुणीच आलेलं नसतं.
तिथेसुद्धा बाण अडखळतो.
मी माउस हलवते, तो ऐकतो,
थांबतो,
मग एकदम उडी मारून भलत्याच ओळीवर.

रॅम काढून खोडरबरने घासली.
नाण्याएवढा सेल बदलला, तर घड्याळ मागे पळालं
एक जानेवारी दोन हजार अठरावर.
(तेव्हा पाटीवर दोघींची नावं होती.)
मग नवं बायोस पेनड्राइव्हवर घेतलं.
शुक्रवार टाळला, महावितरणची दुरुस्ती असते.
वरच्या काकूंना सांगून आले, दहा मिनिटं मिक्सर लावू नका,
मध्येच वीज गेली तर बोर्डाची वीट होईल.
काकू म्हणाल्या, वीट?
आणि चटणी पाट्यावर वाटायला बसल्या.
टक्के शंभर झाले. मशीन उठलं.
नव्वद सेकंद.

मग एकेक सुटं करत गेले.
प्रिंटर. कार्ड रीडर. वेबकॅम.
शेवटी आतल्या केबली,
पहिली, दुसरी,
तिसरी ओढली
आणि पडदा इतक्या पटकन उजळला
की मी दचकून मागे पाहिलं.
अकरा.

म्हणजे बोर्ड रोज सकाळी हजेरी घेत होता.
प्रोसेसर, हजर.
मेमरी, हजर.
पहिली डिस्क, हजर.
तिसरी?
तिसरी?
कुणी ओ देत नाही तरी
खडू हातात धरून उभा,
पुढचं नाव घेत नव्हता.
आणि मी त्याला आळशी म्हणत होते.

जागृती भोईरची डिस्क.
स्टिकरवर तिचंच तिरपं अक्षर:
गावदेवी जत्रा, हळदी, बाकी सगळं.
सात हजार दोनशे रुपयांवरून बोलाचाली झाली,
स्कॅनरच्या झाकणावर किल्ली ठेवून गेली.
पाटीवरचं नाव मी थिनरने पुसलं.
हे काढायचं राहिलं.
कानाशी धरली तर आत टक्, टक्,
बंद दारावर आतूनच कुणी वाजवावं तशी.
पिशवीत घातली. पिशवी खणात.

आता दुधाची पिशवी कापेपर्यंत
मशीन तयार होऊन बसलेलं असतं.
चहा राहतो.
त्या दीड मिनिटात मी काय काय करत होते
ते आता कळतंय,
कपाट पुसणं, पायरीवर उभं राहून
समोरच्या इस्त्रीवाल्याशी दोन शब्द.

रात्री तिला लिहिलं,
तुझी डिस्क माझ्याकडे राहिली. चालत नाही, तरी.
दोन टिका आल्या. करड्या.
बायोसच्या मेनूत थांबायची मुदत ठरवता येते,
पाच सेकंद, दहा.
मी फोन पालथा ठेवला, परत सुलटा केला.

सकाळी सव्वादहाला एक मुलगा आला,
बहिणीच्या मुलीचं बारसं, सहा बाय चार,
झेंडूच्या कडेचा बॅनर.
नाव?
म्हणाला, अजून ठरत नाहीये घरात.
तुम्ही बाकीचं करून ठेवा,
तेवढी जागा मोकळी सोडा.